मशीन कोण चालवत होतं

माझी आई अंबडच्या एका कारखान्यात बारा वर्षं पॉवर प्रेस चालवत होती, आणि बारा वर्षं तिच्या गळ्यातल्या कार्डावर ‘हेल्पर’ असं छापलेलं होतं. हेल्पर म्हणजे कुणाच्या तरी मदतीला असलेला माणूस. ती नेमकी कुणाच्या मदतीला होती, हे तिला विचारलं तर सांगता यायचं नाही. पितळी पत्र्याची पट्टी प्रेसखाली सरकवायची, पायानं पॅडल दाबायचं, वरून डाय, म्हणजे कापणारा साचा, खाली येतो, तुकडा कापला जातो, तुकडा उचलायचा, पट्टी पुढे सरकवायची. पाळीभर हेच. आपण घरात दिवा लावतो तेव्हा बटणाच्या आत जी पितळी जीभ हलते, ती माझ्या आईनं कापलेली असू शकते.

तिच्या शेडमध्ये आठ प्रेस होत्या आणि आठही बायका चालवायच्या. पलीकडच्या शेडमध्ये अगदी तशाच प्रेस पुरुष चालवायचे. त्यांच्या कार्डावर ‘ऑपरेटर’ होतं. ग्रेड वेगळी, रजा वेगळ्या, पगार वेगळा. प्रेस तीच, पितळही तेच, आणि मध्ये एक पत्र्याची भिंत.

आई याबद्दल बोलायची नाही. बोलायचे मी. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि सातपूरला एका कामगार संघटनेच्या कार्यालयात पूर्णवेळ काम करत होते. पूर्णवेळ म्हणजे झाडण्यापासून पत्रकं लिहिण्यापर्यंत सगळं. पत्रक लिहायला मला शिकवलं ते दादांनी, म्हणजे संघटनेच्या प्रमुखांनी. त्यांचे नियम मला अजून तोंडपाठ आहेत. एका वाक्यात एकच आरोप. ‘कदाचित’ हा शब्द मालकाच्या वकिलाचा, आपला नाही. पहिली ओळ वाचून गेटवरचा माणूस थांबला नाही, तर उरलेला कागद भेळवाल्याचा. मी त्यांच्यासमोर लिहायचे, ते लाल पेननं निम्मं खोडायचे, आणि उरलेलं निम्मं खरंच दुप्पट जोरात वाजायचं. त्या माणसासाठी मी घरी भांडले होते, एमएची परीक्षा सोडली होती. हे सांगते कारण पुढे त्याचा संबंध आहे.

कायदा आमच्या बाजूनं होता. उगीच म्हणत नाही, कायदा मी बाराखडीसारखा गिरवला होता. काम सारखं असेल तर केवळ बाई आहे म्हणून तिला कमी मोबदला देता येत नाही. काम सारखं आहे की नाही हे कसं ठरवायचं, तेही त्यात लिहिलंय: लागणारं कौशल्य, मेहनत, अनुभव, जबाबदारी. कार्डावर काय छापलंय ते बघा, असं कुठेही लिहिलेलं नाही. आठ बायकांनी अर्ज केला. पहिली सही आईची, कारण तिची नोकरी सगळ्यांत जुनी. तिला ऑपरेटरची ग्रेड मिळाली की बाकीच्या सातजणींना नाही म्हणायला कंपनीला तोंड उरणार नव्हतं.

अडचण एकच, पुरावा. रोजचं उत्पादन लिहायचा कागद सेटरच्या सहीनं जायचा, बायकांचं नाव त्यावर नसायचं. मोबाइल गेटवर जमा करावे लागत, त्यामुळे आत फोटो काढायची सोय नव्हती. वर्षातून एक दिवस फोन आत न्यायला मुभा होती, तो म्हणजे खंडेनवमीचा.

खंडेनवमी आमच्याकडे कारखान्यातला सगळ्यांत मोठा सण. दिवाळीला लोक गावी जातात, खंडेनवमीला कामावर येतात. आदल्या दिवशी मशीन तेल-चिंध्यांनी पुसून लखलखीत करायची, झेंडूचे हार, आंब्याची पानं, हळदकुंकू, पेढे. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून यायच्या. आणि प्रत्येक मशीनपुढे ज्याची मशीन त्यानं नारळ फोडायचा. बायकांच्या शेडमध्ये मात्र आठही नारळ एकच माणूस फोडायचा. मामा.

मामा म्हणजे त्या शेडचे सेटर. डाय बसवायचा, प्रेस बिघडली तर नीट करायची, हे सेटरचं काम. सायखेड्याकडचे, रोज मोटारसायकलवरून यायचे आणि डिकीत बायकांसाठी काही ना काही असायचं. कधी कोथिंबिरीच्या जुड्या, कधी वांगी. राखीपौर्णिमेला त्यांचा हात मनगटापासून कोपरापर्यंत भरलेला असायचा, आणि शेडमधल्या बायका त्यांना म्हणायच्या, मामा, आता तेवढा दुसरा हात वहिनींसाठी मोकळा ठेवा. आईला प्रेस शिकवली तीही मामांनीच. पहिल्या आठवड्यात ती डायला घाबरायची तेव्हा ते शेजारी उभे राहून म्हणायचे, ताई, पट्टीकडं बघा, डायकडं नका बघू. आमच्या घरी ते येत-जात असायचे. मी दहावी पास झाले तेव्हा त्यांनी मला पेन दिलं होतं.

बायका स्वतः नारळ का फोडत नाहीत, हे मी आईला पूर्वी एकदा विचारलं होतं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी विचारलं, आपण जेवण तोंडानंच का करतो. बाईनं नारळ फोडू नये, एवढंच. कुणी मनाई केलेली नव्हती. आठजणी दरवर्षी आपण होऊन मामांना बोलावून आणायच्या.

पत्रकासाठी मला फोटो हवा होता. आत काढलेला, मशीनसकट, बायकांसकट. असा एकच फोटो होता. खंडेनवमीचा. आईच्या प्रेसपुढे मधोमध मामा, हातात नारळ, कपाळावर टिळा, आणि मागे हार घातलेल्या मशीनच्या दोन बाजूंना आठ बायका. सगळ्यांचे चेहरे स्वच्छ आलेले. मी तो पहिल्या पानावर टाकला आणि वर मोठ्या अक्षरांत छापलं: ‘मशीन आम्ही चालवतो.’ दादांनी प्रूफ पाहिलं. एकही शब्द खोडला नाही. फोटो झकास आहे, म्हणाले. पहिल्यांदाच माझं पत्रक लाल रेघेशिवाय छापायला गेलं. मी हवेत होते.

तो फोटो नीट बघा म्हणून मला कुणी सांगितलं नाही. मला स्वतःलाही दिसलं नाही. जिला पत्रा एवढा-तेवढा चुकला तर लगेच कळतो, त्या आईलाही दिसलं नाही. आम्हाला त्यात आठ ऑपरेटर दिसत होत्या. बाहेरच्या माणसाला त्यात एक ऑपरेटर आणि आठ हेल्पर दिसत होते.

कामगार खात्याच्या कार्यालयात सुनावणी झाली तेव्हा कंपनीच्या एचआरची मॅडम प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तोच कागद घेऊन आली. ही मॅडम आठ मार्चला गेटवर प्रत्येक बाईला गुलाब द्यायची. तिनं माझं पत्रक सुनावणी घेणाऱ्या साहेबांच्या टेबलावर सरळ करून ठेवलं, अगदी कोपरा दुमडलेला होता तोही सपाट केला. म्हणाली, हे अर्जदारांच्याच संघटनेनं छापलेलं आहे, आम्ही नाही.

साहेब वयस्कर होते, उद्धट नव्हते. त्यांनी आईला विचारलं,

“मशीनची पूजा कोण करतं?”

“मामा करतात.”

“तुम्ही का नाही करत?”

“करतो ना. पुसतो आम्ही, हार आम्ही, हळदकुंकू आम्ही. नारळ तेवढा मामा फोडतात. बाईनं नारळ फोडू नये, साहेब.”

“म्हणजे मदत तुम्ही करता,” मॅडम म्हणाली. आवाज अगदी गोड.

आईनं मान हलवली. तिला वाटलं, मॅडम आपल्या बाजूनं बोलतेय.

मी मध्ये बोलायला गेले तर साहेबांनी हातानं थांबवलं. मग मामांना आत बोलावलं. ते येणार आहेत हे आम्हाला माहीत नव्हतं. आईला वाटलं, आपल्यासाठी आलेत. तिनं सरकून बाकावर जागासुद्धा केली. मामा बसले नाहीत. भिंतीवर सुरक्षेचं एक जुनं पोस्टर होतं, हेल्मेट घातलेला हसरा माणूस, त्याच्याकडे बघून त्यांनी सांगितलं,

“मशीन माझी हाय साहेब. आठीच्या आठी माझ्याच. पूजा मीच करतो. ताया मदतीला असतात. लय चांगल्या हायेत, कामाच्या बाबतीत काय बोलायला नाय.”

ते शेवटचं वाक्य मला सगळ्यांत जास्त झोंबलं. खोटं बोलायचं तर नुसतं खोटं बोलावं. वर शाबासकी कशाला?

साहेबांनी पाहणीची तारीख लावली, आणि पाहणीच्या दिवशी बायकांच्या आठही प्रेसवर पुरुष बसलेले होते. पलीकडच्या शेडमधून आणलेले. बायका पट्ट्या उचलून देत होत्या. आईनं संध्याकाळी मला हे सांगितलं तेव्हा ती चिडलेली नव्हती, थकलेली होती. मी मामांना नाही नाही ते बोलले. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, त्यांनीच तर शिकवली मला मशीन. जणू त्यात सगळं आलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणाले, शिकवली म्हणून ती त्यांची होत नाही. ती भाजी निवडत राहिली.

मामांनी का केलं, हे मला दादांनी समजावून सांगितलं. बायका ऑपरेटर ठरल्या, तर डायही त्याच बसवतील, मग त्या शेडला वेगळा सेटर कशाला हवा, असं कंपनीनं मामांच्या कानात घातलं होतं. दादा म्हणाले, वर्गजाणीव नसलेला माणूस असाच वागतो. मला ते पटलं. दादांचं मला सगळंच पटायचं.

पंधरा दिवसांनी दादांनी तडजोडीवर सही केली.

त्याच कारखान्यात कायम नोकरीतल्या पुरुष कामगारांचा करार अडला होता. तोही आमच्याच संघटनेचा. कंपनीनं दोन्ही विषय एका टेबलावर घेतले, आणि आठ बायकांचा अर्ज मागे घेतला तर पुरुषांचा करार त्याच आठवड्यात, असं ठरलं. बायकांना काय मिळालं? एक नवीन ग्रेड. ‘सीनियर हेल्पर.’ म्हणजे बारा वर्षं मदत केल्याबद्दल जरा वरच्या दर्जाची मदत. मला हे कार्यालयातल्या प्रिंटरमधून निघालेल्या कागदावरून कळलं, मसुदा मी टाइप केलेला नव्हता. मी दादांना विचारलं, कायद्यात स्पष्ट लिहिलेलं असताना? दादांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “कायदा आपल्या बाजूनं होता गं, पण फोटो नव्हता.”

म्हणजे चूक माझी. प्रूफ त्यांनी पाहिलं होतं, झकास ते म्हणाले होते, पण चूक माझी. आणि गंमत अशी की मी ती मानलीसुद्धा. तीन दिवस मला जेवण गेलं नाही. त्याच दिवसांत गेटवर पुरुषांच्या कराराचे पेढे वाटले गेले, आणि आमच्या आठजणींनाही एकेक मिळाला. आईनं तिचा घरी आणला, कागदात गुंडाळून, माझ्यासाठी. मी तो खाल्ला नाही. तिला सही करताना काय वाटलं असं मी विचारलं, तर म्हणाली, सगळ्यांनी केली म्हणून केली. दादांनी सांगितलं की तुलाही मान्य आहे.

मला मान्य आहे असं मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

आता खरी गोष्ट. कंपनीला तडजोडीनंतर एक भीती राहिली, की उद्या कुणी अचानक पाहणीला आलं तर? म्हणून कागदावर आहे तसं प्रत्यक्षातही दिसावं, अशी ऑर्डर निघाली. आठपैकी दोन प्रेसवर पुरुष बसवले. आईच्या प्रेसवर मामा. आई शेजारी उभी राहून पट्ट्या देणार. मामांनी कित्येक वर्षांत सलग पाळीभर प्रेस चालवलेली नव्हती. सेटिंग करणं वेगळं आणि पाळीभर पाय आणि हात एका तालात ठेवणं वेगळं. त्यात हात आत असताना प्रेस थांबवणारा जो सेन्सर असतो, तो काम हळू होतं म्हणून बंद करून ठेवलेला. आईला ते माहीत होतं, तिचे हात त्याच्याशिवाय काम करायला शिकले होते. मामांनाही माहीत होतं, तो त्यांनीच बंद करून दिला होता. पण हातांना सवय नव्हती.

चौथ्या दिवशी एक तुकडा अडकला. मामांनी तो बोटानं काढायला हात आत घातला, आणि पाय पॅडलवरच होता.

उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. आईनं डोक्याचा रुमाल सोडून त्यांचा हात गुंडाळला आणि वर धरून ठेवला, दवाखान्यात पोचेपर्यंत. रिक्षात मामा तिला सारखे म्हणत होते, ताई, पट्टीकडंच बघत होतो मी. घरी आल्यावर आईनं साडी भिजत घातली.

अपघातानंतर तिसऱ्या दिवशी आईला मेमो आला. कारणे दाखवा. मी तो कागद हातात घेतला आणि पहिल्याच ओळीवर थांबले. ‘आपण प्रेस क्रमांक तीनच्या ऑपरेटर असताना...’ ऑपरेटर. बारा वर्षांत कंपनीच्या कागदावर माझ्या आईच्या नावापुढे तो शब्द पहिल्यांदा आला होता. पुढे लिहिलं होतं की तिनं हलगर्जीपणे पॅडल दाबलं, त्यामुळे सहकाऱ्याला दुखापत झाली, तर तिच्यावर कारवाई का करू नये. मॅडमची सही. आणि सोबत मामांच्या जबानीची प्रत. खाली डाव्या हातानं केलेली वेडीवाकडी सही. ‘मशीन ताई चालवत होत्या. मी तुकडा काढत होतो.’

आई चालवत होती तेव्हा मामांनी सांगितलं, मी चालवतो. मामा चालवत होते तेव्हा सांगितलं, ती चालवत होती. दोन्ही वेळा एकाच माणसाच्या तोंडून, आणि दोन्ही वेळा कंपनीच्या सोयीचं.

मी दवाखान्यात गेले. आईला न सांगता. मामा खाटेवर बसून डाव्या हातानं वरणभात खात होते, अर्धा शर्टावर. मला बघून त्यांनी चमचा ठेवला. ये पोरी, म्हणाले. मी बसले नाही. मी विचारलं, कशाला लिहून दिलंत?

“मीच चालवत होतो म्हटलं तर माझी चूक होती ना,” मामा म्हणाले. “सेन्सर मी बंद केलेला. पाय माझा. तीन वर्षं राहिली माझी. घालवतील मला. ताईचं काय, मेमो येतो न् जातो. बाईमाणसाला कोण काढतंय?”

“आणि काढलं तर?”

“नाय काढत.” मग चमचा पुन्हा उचलून, “सही डाव्या हाताची हाय. ती काय खरी धरतात व्हय?”

मला वाटतं, ते खरंच त्या आशेवर होते. मला दया यायला हवी होती. आली नाही. त्या बँडेजकडे बघत मी मनातल्या मनात पत्रकाची पहिली ओळ जुळवत होते. अशी मी तेव्हा होते, ते लपवत नाही.

कार्यालयात दादांना मेमो दाखवला तर ते उभेच राहिले. हातात धरून दोनदा वाचला. हे सोनं आहे, म्हणाले. कंपनीनं स्वतः लिहून दिलं की अर्जदार ऑपरेटर आहे. तडजोड फसवून घेतली असं म्हणता येईल, अर्ज पुन्हा उघडता येईल, आठही बायका. ज्या दादांनी मला महिन्यापूर्वी विकलं होतं, त्यांच्या डोळ्यांतली ती चमक बघून मी सगळं विसरले. खरं सांगायचं तर मला तीच चमक हवी होती.

उत्तर द्यायला मोजके दिवस होते. आईनं रात्रीची भांडी झाल्यावर वहीच्या पानावर पेन्सिलनं लिहिलं आणि सकाळी माझ्याकडे दिलं, टाइप करून आण म्हणाली. तिची शाळा सातवीपर्यंत. दोन ओळी होत्या: ‘त्या दिवशी मशीन मी चालवत नव्हते. त्याच्या आधी बारा वर्षं मीच चालवत होते.’

मी आजवर लिहिलेल्या कुठल्याही पत्रकापेक्षा त्या दोन ओळी बऱ्या होत्या. एका वाक्यात एक आरोप. कदाचित नाही, बहुधा नाही.

दादांनी त्या वाचल्या आणि लाल पेन उचललं. पहिली ओळ काढ, म्हणाले. त्या दिवशी नव्हते म्हटलं की मेमो खोटा ठरतो, आणि मेमो खोटा ठरला तर त्यातला ‘ऑपरेटर’ शब्दही खोटा ठरतो. आपल्याला तो शब्द हवा आहे. हलगर्जीपणाचं पुढे बघू, सेन्सर बंद होता, ते आपण सिद्ध करू. मी विचारलं, तोवर तिला निलंबित केलं तर? ते म्हणाले, मग तर आंदोलनच. आठ बायकांचा प्रश्न आहे, तुझ्या एकटीच्या आईचा नाही.

मी पहिली ओळ काढली.

कुणी माझा हात धरला नव्हता. मला नोकरी जायची भीती नव्हती, निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली नव्हती. मी संगणकावर बसले आणि टाइप केलं: ‘बारा वर्षं मशीन मीच चालवत होते.’ खाली आईचं नाव, सहीसाठी जागा. तसा कागद मी घरी नेला आणि तिच्यापुढे ठेवला, पेनसकट. तिला वाटावं की फक्त सही करायची आहे, अशा पद्धतीनं ठेवला. हेही लिहायला हवं.

आई सही करण्यापूर्वी सगळं वाचते. बोट ओळीखालून सरकवत. प्रेसवरची सवय असावी, पट्टीकडे बघायची.

“एक ओळ राहिली,” ती म्हणाली.

मी समजावायला लागले. कायदा, पुरावा, आठही जणी, तो शब्द. मी चांगलं बोलते, सभेत लोक टाळ्या वाजवतात. तिनं मला संपवू दिलं.

“म्हणजे मी मामांची बोटं तोडली, असं मी सही करून द्यायचं?”

“तसं नाही लिहिलेलं त्यात.”

“नाही कसं? नाही म्हटलं नाही, म्हणजे हो म्हटलं. दादांनी सांगितलं का?”

मी हो म्हणाले. मग अगदी साधेपणानं, भांडणाचा सूर नसलेल्या आवाजात तिनं विचारलं, “मामांनी पोटासाठी खोटं लिहून दिलं. तू कशासाठी?”

मी म्हणाले, तुझ्यासाठी.

“माझ्यासाठी असतं तर मला विचारलं असतंस.”

तिनं पेन घेतलं आणि टाइप केलेल्या ओळीच्या वर, जिथे जागा होती तिथे, आपल्या हातानं ती राहिलेली ओळ लिहिली. त्या दिवशी मशीन मी चालवत नव्हते. मग सही केली, तारीख घातली, घडी घालून पर्समध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी तो कागद तिनं स्वतः कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये नेऊन दिला आणि पोच घेतली.

दादा चिडले. दोन ओळी एकमेकींना मारतात, म्हणाले, असल्या कागदाचं कोर्टात काय करायचं? ते मला पटलं नाही. पहिल्यांदाच. पण मी तसं बोलले नाही, कारण बोलायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

कंपनीनं मेमो मागे घेतला. पुढील कारवाई करण्यात येत नाही, एवढी एक ओळ. आणि दुसऱ्या ओळीत बदली. आईला प्रेसवरून काढून पॅकिंगला टाकलं. मॅडमनं बोलावून सांगितलं, तुमच्या सुरक्षेसाठी. आता ती खोक्यांना टेप लावते. ज्या मशीनसाठी सगळं केलं ती मशीनच तिच्या हातातून गेली. कार्डावर सीनियर हेल्पर आहे, आणि आता ते खरंही आहे. मामा परत आले, हलकं काम म्हणून त्यांना स्टोअरमध्ये बसवलंय. जेवणाच्या सुट्टीत आई त्यांना डबा उघडून देते, असं शेडमधल्या एकीनं मला सांगितलं. मला ते अजून सहन होत नाही. त्यांच्याशी ती बोलते. माझ्याशीही बोलते, भाजी काय आणू, गॅस बुक केला का, हे सगळं बोलते. कामावरचं काही सांगत नाही.

मी संघटना सोडली. त्याचं मोठंसं काही नाही, दुसरीकडे जाऊन तेच काम करते. मेमोची झेरॉक्स माझ्याकडे आहे. तो शब्द त्यात आहे. त्याच्या आधारे करायच्या अर्जावर आईची सही घेतल्याशिवाय त्याचा उपयोग नाही, आणि ती मागायला मी तिच्यापुढे गेलेली नाही.

गेल्या महिन्यात कामगार खात्यातल्या एका ओळखीच्या कारकुनानं मला विचारलं, तुमच्या आईचा अर्ज आलाय, बघितला का? मी नाही म्हणाले. सेन्सर बंद ठेवल्याबद्दल तक्रार, आणि प्रेसवर परत घ्या, ऑपरेटर म्हणून, अशी मागणी. आठजणींच्या सह्या. हातानं लिहिलेला, वहीच्या दोन पानांवर, खाडाखोड न करता. कुणाकडून लिहून घेतला, असं मी विचारलं. तो म्हणाला, अक्षर बाईचंच आहे, सातवी-आठवी शिकलेल्या माणसाचं असतं तसं.

घरी येऊन मी वाट बघितली. जेवण झालं, आईनं ओटा पुसला, दुसऱ्या दिवशीची कणीक भिजवून ठेवली. अर्जाबद्दल ती काही बोलली नाही. सुनावणीची तारीख कधी आहे, हे मला त्या कारकुनालाच विचारावं लागलं.